लाल छत्रीवाली

बेटावरचे तिन्ही धबधबे मी एकट्यानेच पाहिले. बायकोचे गुडघे दुखायचे आणि मला घाई असायची. "तू गाडीतच बस, ड्रायव्हर आहे सोबतीला. पाणीच तर पडतंय, फोटो दाखवतो की," असं म्हणून मी पायऱ्या चढून जायचो.

संध्याकाळी खोलीवर तिला फोटो दाखवताना मी वैतागलो. "ही कोण लाल छत्रीवाली मधेच तडमडली? एवढ्या चांगल्या फोटोचा विचका केला!"

"असू द्या हो. तिलाही बघायचं असेल," ती एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मी तेवढा कोपरा कापून टाकला आणि फोटो मोठा करून भिंतीवर लावला.

ती गेल्याला वर्ष झालं, तेव्हा मुलगी मला पुन्हा त्याच बेटावर घेऊन गेली. ड्रायव्हरही तोच निघाला. त्याने मला ओळखलं.

"काका, पायऱ्या कशाला चढताय? खालच्या रस्त्याने गाडी थेट पाण्यापाशी जाते. मागच्या वेळी काकूंना मी तिथेच नेलं होतं. अंगावर तुषार येतात म्हणून माझी लाल छत्री दिली, तर ती हलवून तुम्हाला केवढ्या हाका मारत होत्या!"

मुलगी हरखली. "म्हणजे बाबा, आपल्या भिंतीवरच्या फोटोत आई आहे?"