जहाजी भाऊ

प्रवीणाने दोन्ही परवाने वाचून दाखवले तेव्हा धनपती पुऱ्यांची कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले. पुन्हा वाच, ती म्हणाली. नातीने पुन्हा वाचलं. झिंगुरी, बापाचं नाव दुबरी, जिल्हा बस्ती. मंगरू, बापाचं नाव रघुनंदन, जिल्हा आरा. जहाज एकच होतं, कलकत्त्याहून निघाल्याची तारीखही एकच. बाकी काही जुळत नव्हतं.

प्रवीणा कालच सुव्याहून तावुआला आली होती. झिंगुरी हा धनपतीचा आजा. त्याचं हिंदुस्थानातलं गाव शोधायचं आणि जमलं तर एकदा जाऊन यायचं, असं प्रवीणाच्या मनात होतं. झिंगुरी आणि मंगरू सख्खे भाऊ, हे घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तिने सरकारी दफ्तरखान्यातून दोघांचेही गिरमिटाचे, म्हणजे करारावर या बेटांवरच्या ऊसमळ्यांत मजुरीला आल्याचे, परवाने काढले. एकावर गावाचं नाव पुसट असलं तर दुसऱ्यावर सापडेल, असा तिचा हिशेब होता.

आता तिला हसू येत होतं. हे कसले सख्खे, आजी, हे तर जहाजी भाऊ. कलकत्त्याच्या डेपोत भेटले असतील, बोटीवर एका ताटात जेवले असतील, इथे मळ्याच्या चाळीत एका खोलीत राहिले असतील. दोघांनाही आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं, म्हणून भाऊ झाले. मुलांना तसंच सांगितलं. मुलांनी ते धरून ठेवलं.

धनपती हसली नाही. तेल तापत ठेव, एवढंच म्हणाली.

मंगरूचा नातू बिसेसर ऐन तारुण्यात तिच्या बापासमोर येऊन उभा राहिला होता. मध्ये कोणी मध्यस्थ नाही, बरोबर कोणी वडीलधारं नाही. धनपतीशी लग्न करायचंय, असं त्याने सरळ सांगितलं. बाप चिडला नाही. त्याला शरमच वाटली. तुझा आजा आणि माझा बाप एका आईच्या पोटचे, तू पोरीचा भाऊ लागतोस, असं तो खाली बघून बोलला. त्याच श्रावणात आईने धनपतीच्या हातात राखी दिली आणि चार माणसांदेखत बिसेसरला पाटावर बसवलं. त्या हंगामातला ऊस गाळून व्हायच्या आत धनपतीचं लग्न लागलं.

तेव्हापासून दर राखीला बिसेसर येत राहिला. तिचा नवरा होता तेव्हा आला, नवरा गेल्यावरही आला. स्वतःची बायको वारली त्या वर्षी आला तो दाढी वाढलेल्या चेहऱ्याने, पण आला. एव्हाना दोघांचीही मुलं सिडनी आणि ऑकलंडला जाऊन स्थिरावली होती.

आज राखी होती. धनपतीने पुऱ्या लाटायला घेतल्या. त्याला सांगितलं, तर या सगळ्या वर्षांचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. आणि नाही सांगितलं, तर आज त्याच्या हातावर राखी बांधायची कशी?

बिसेसर आला तेव्हा त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर जळक्या उसाची काजळी पडली होती. शेजारचं शेत काल पेटवलं होतं. त्याने अळकुड्यांची पिशवी दारात ठेवली आणि आल्या आल्या भुकेची तक्रार केली. लवकर बांध, सकाळपासून उपाशी आहे, शिवाय तुझ्या पुऱ्या गार झाल्या की चपलेच्या तळव्यासाठी बऱ्या. मागच्या वर्षी तेच तळवे मागून मागून कोणी खाल्ले, असं धनपतीने विचारलं. दर वर्षीचंच होतं हे. प्रवीणा हसत पाट मांडत होती.

तो पाटावर बसला. हात पुढे केला. धनपतीने ताटातली राखी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"प्रवीणाने आपल्या आज्यांचे परवाने आणलेत," ती म्हणाली. "मंगरू आऱ्याचा निघाला. झिंगुरी बस्तीचा. ते भाऊ नव्हते, बिसेसर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याच्या नावापुढे भैया लावलं नाही. प्रवीणाने ते ऐकलं आणि आजीकडे पाहिलं.

बिसेसरने हात मागे घेतला नाही.

"मंगरूच्या डाव्या पोटरीवर भाजल्याची खूण होती," तो म्हणाला. "तळाशी लिहिलंय बघ."

त्याच्याकडे चष्मा नव्हता. कागदही त्याने मागितला नव्हता. प्रवीणाने घडी उलगडली. तसंच लिहिलेलं होतं.

मग त्याने सांगितलं. धनपतीच्या बापाचं म्हणणं त्याला कधी पटलंच नव्हतं. पण सुव्याला जायला, तिथल्या कारकुनाच्या मागे लागायला वेळ गेला. परवाने हातात पडले तेव्हा तिच्या लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. ते दाखवायला तो इथवर आलाही होता. अंगणात धनपती तिच्या तान्ह्या मुलाला, मोहनला, तेल लावत बसली होती. तो पाणी पिऊन परत गेला.

चुलीवर तेल धुरावलं होतं. प्रवीणाने उठून कढई उतरवली, पण ती परत येऊन बसली नाही. तिथेच उभी राहिली.

धनपतीचा आवाज बदलला. त्यात राग होता.

"ठाऊक होतं तुला. मग दर वर्षी येऊन माझ्याकडून हे बांधून का घेत राहिलास?"

"दुसऱ्या कुठल्या नात्याने मला या घरात कोणी येऊ दिलं असतं, धनपती?"