राहुकाळात गर्दी नसते

"पूर्ण नऊ महिन्यांचं पॅकेज घ्या, मामी," दवाखान्याच्या काउंटरवरची भुवनेश्वरी वत्सलाबाईंना म्हणाली. "तपासण्या, स्कॅन, बाळंतपण, सगळं त्यात आलं. तारखाही आजच लिहून देते. दर वेळी वेगळे पैसे भरलेत, तर शेवटी आठ-नऊ हजार जास्तीचे जातील."

आठ-नऊ हजार ऐकून वत्सलाबाईंनी कान टवकारले. विड्याच्या पानांची जुडी घेतली तर वर दोन पानं मागून घेणारी ही बाई. कुंभकोणम्‌च्या बाजारात सगळ्यांच्या त्या मामी, पानवाल्या त्यांना लांबून ओळखत. त्यांनी लगेच पिशवीत हात घातला आणि सुनेकडे वळून पाहिलं.

पवित्राचा चेहरा पार उतरला होता.

"अम्मा, पॅकेज नको," ती हळूच म्हणाली. दवाखान्यात तमिळ आणि आपसांत पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकलेली जुनी मराठी, अशी त्यांची रीत; भुवनेश्वरीला त्यातलं अक्षर कळलं नाही. "एकच तारीख घेवूं. पुढली. तेवढीच पुरे."

वत्सलाबाईंचा हात पिशवीतच राहिला. गेल्या वर्षी याच काउंटरवर त्यांनी पॅकेज घेतलं होतं. चांगला दिवस बघून, पैसे आधी गोविंदपुरम्‌च्या विठोबापुढे ठेवून मग भरले होते. मुलानं, मुरलीनं, बाळंतपणापर्यंतच्या सगळ्या तारखा हौसेनं बायकोच्या फोनमध्ये घालून ठेवल्या. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यानं उरलेले पैसे न मागता परत केले, पण फोनमधल्या तारखा काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना तो मेला फोन मध्येच वाजायचा आणि सांगायचा, उद्या तपासणी आहे.

"बरें. एकच घेवूं," वत्सलाबाई म्हणाल्या. "पैसे जातील तर जावूं देत." मग तमिळमध्ये त्यांनी भुवनेश्वरीला सांगितलं, "पॅकेज नको. दर वेळचे दर वेळी भरू."

भुवनेश्वरीला नवल वाटलं. मामींच्या तोंडून पैशाच्या बाबतीत असं काही ऐकायची तिला सवय नव्हती. "मग पुढच्या महिन्यातला दुसरा शुक्रवार. सकाळी नवाला या. गर्दी असेल, दोन-तीन तास तरी धरून चाला."

मागची बाकं भरलेलीच होती. आज सकाळभर पवित्रा त्यातल्याच एका बाकावर अंग चोरून बसली होती. नर्सनं कुणाचंही नाव पुकारलं की ती दचकायची. तीन तास बसणं म्हणजे तिच्यासाठी तीन तास घाबरणं होतं, आणि हे वत्सलाबाईंनी शेजारी बसून बघितलं होतं.

"गर्दी नसेल अशी वेळच नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे की. साडेदहा ते बारा." भुवनेश्वरी हसली. "पण शुक्रवारचा राहुकाळ तो! अशुभ वेळ म्हणून कुणी फिरकत नाही, डॉक्टर आत एकट्या बसून कॉफी पितात. मी ती वेळ कुणाला विचारतसुद्धा नाही. तुम्हाला तर मुळीच विचारणार नाही, मामी."

ते खरंच होतं. राहुकाळात वत्सलाबाई दूधवाल्याचे पैसेही देत नसत. मुरलीच्या लग्नात राहुकाळ टळेपर्यंत त्यांनी मांडवात पाऊल टाकलं नव्हतं, आणि पवित्राचे वडील बिचारे हातात हार घेऊन उन्हात ताटकळले होते. व्याही अजून ती गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगतात.

"नवास येवूं, अम्मा. मी बसतें की," पवित्रा म्हणाली. सासूला धर्मसंकटात टाकायची तिची इच्छा नव्हती. वत्सलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. तळवा गार पडला होता.

त्यांचा जीव तुटला. भीतीही वाटली, उगाच खोटं कशाला सांगा, चांगलीच वाटली. जन्मभर पाळलेलं नेमकं आत्ताच मोडायचं, तेही या पोरीच्या बाबतीत! त्यांनी एकदा डोळे मिटले.

"साडेदहा लिही," त्या भुवनेश्वरीला म्हणाल्या.

"अम्मा!" पवित्रा चमकली. "राहुकाल न्हवे तो?"

"ठाऊक अहे मज." वत्सलाबाईंनी तिचा हात आणखी घट्ट धरला. "मागल्या वेळेस सगळें बेस वेळ पाहूनच केलें की. आतां राहूस मी बघून घेतें. तूं तीन तास भीत बसूं नको."

भुवनेश्वरीनं एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि साडेदहा लिहिलं. वत्सलाबाईंनी एका तपासणीचे पैसे दिले, पावती घेतली आणि पदर सावरत दाराकडे निघाल्या. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पवित्रा मागे नाही.

ती काउंटरपाशीच उभी होती.

"त्याच्या पुढचीही तारीख लिहून द्याल?" ती भुवनेश्वरीला विचारत होती.

भुवनेश्वरीनं कॅलेंडरचं पान उलटलं. "लिहिते. पण ती पाचव्या महिन्यात येईल, चालेल ना?"

वत्सलाबाई जागच्या जागी थांबल्या. पवित्रानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"येवूं दे," ती घरच्या मराठीत म्हणाली.