पाणी पितो

आंधळगावच्या शकुंतलाबाईंच्या नातीला, रुचिताला, घरचाच कुत्रा गालाला चावला. त्याला कोठ्यात साखळीनं बांधून दाराला कुलूप घातलं. दहा दिवस तो जगला, तर पोरीला धोका नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यातला तुलाराम रोज सकाळी नोंद घ्यायला येई. दार उघडायची त्याची छाती होत नसे. दाराखालच्या फटीतून तो पाण्याचं ताट आत सरकवी आणि कान देऊन बसे. आतून लपलप आवाज येई. मग रिकामं ताट ओढून घेऊन तो लिही: जिवंत, पाणी पितो.

"पिसाळलेला कुत्रा पानी पेत नाही, बाई. आता पोरीले सुया कायले टोचता?" असं तिसऱ्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं.

दहाव्या दिवशी सवयीनं ताट आत सरकवून त्यानं कुलूप काढलं.

कुत्रा कधीचाच मरून वाळला होता. जबड्यावर फेस सुकलेला. साखळी दारापर्यंत पुरतच नव्हती.

"तुलारामभाऊ, कुत्रा बरा आहे ना?" शकुंतलाबाईंनी अंगणातून विचारलं. "कालपासून पोरगी पानी पाहूनच ओरडून राहिली."

तुलारामच्या पायाशी ताटातलं पाणी लपलप हलायला लागलं, आणि कमी होत गेलं.