रक्तातलं किती, घरातलं किती

"चाचणीला दोघी समोरासमोर नकोत," सबनीसबाई म्हणाल्या. म्हणून मीनल आतल्या खोलीत बसली आणि नीलिमा बाहेर, बाबांच्या टेबलाशी.

सबनीसबाई मुंबईहून यायच्या. बुद्धी, वाचन, चिकाटी यांतलं मुलांना रक्तातून किती मिळतं आणि घरातून किती, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत त्या घरं शोधत फिरत होत्या. अंबरनाथ पश्चिमेतल्या या घरी त्या का आल्या, हे मात्र मुलींना कुणी सांगितलं नव्हतं. "शाळेतून नावं मिळालीत त्यांना," एवढंच बाबा म्हणाले.

पण नीलिमाचे कान तिखट. बाई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी ती चहाचा ट्रे घेऊन दाराशी पोचली, तर त्या म्हणत होत्या, "एक पोटची आणि एक दत्तक, दोघी एकाच घरात वाढलेल्या. अशी घरं मिळतच नाहीत हो. तुमचे आभार कसे मानू?"

"मानू नका. फक्त मुलींना काही कळता कामा नये," विष्णुपंत म्हणाले. फॅक्टरीत कामगारांवर डाफरणाऱ्या बाबांचा आवाज एवढा मऊ तिने कधी ऐकला नव्हता.

नीलिमा मागे सरली, मुद्दाम खाकरली आणि मग आत गेली. तिला बाबांची दयाच आली. बिचारे कुणापासून लपवत होते? तिला तर केव्हापासूनच ठाऊक होतं.

ती दुसरीत असतानाची गोष्ट. गावातली ठमाबाई भाजीची पाटी घेऊन दारावर यायची. एकदा तिने नीलिमाची हनुवटी धरली आणि म्हणाली, "कवरी मोटी झाली गो माजी पोर! सूपभर तांदलाला इकली व्हती हिला." आई नुसती हसली आणि चहा टाकायला आत गेली. "काहीतरीच काय बोलतेस" असं म्हणालीसुद्धा नाही.

नीलिमाने आरशात पाहिलं. रंग ठमाबाईसारखा सावळा. मीनल गोरीपान, आईसारखी. "नाक तर कुंदाचंच उचललंय," असं येणारा-जाणारा म्हणायचा. मीनलच्या वेळी आपल्याला बदलापूरला आत्याकडे ठेवलं होतं, परत आलो तर पाळण्यात बाळ, हेही तिला अंधुक आठवत होतं. आपल्या वेळचं तसं काही सांगणारं कुणी नव्हतं. आणखी कसला पुरावा हवा?

दुसरी एखादी रुसून बसली असती. नीलिमाही पांघरुणात तोंड खुपसून रडली, नाही असं नाही. पण मग तिला गोवर आठवला. आई किती रात्री उशाशी बसून होती! बाबा सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे. आणि हे सगळं सूपभर तांदळांत आणलेल्या पोरीसाठी! कृतज्ञतेने तिचा जीव भरून आला, तो मग तसाच भरलेला राहिला.

तेव्हापासून तिने कधी हट्ट केला नाही. दिवाळीला मीनल आधी फ्रॉक निवडायची, उरलेला हिचा. आंब्याच्या फोडी मीनलच्या, कोय हिची. "माझी नीलू गुणाची," आई म्हणायची, आणि नीलिमाला आभाळ ठेंगणं व्हायचं. ठमाबाई आली की पाटी उतरवायलाही तीच धावायची. तिने आपल्याला दिलं नसतं तर आपण या घरात आलोच नसतो, म्हणून तिचेही आभार.

आणि आता ही चाचणी. आपल्यात जे काही बरं आहे ते या घरानेच दिलं, हे दाखवायची अशी संधी पुन्हा कुठून यायची? शब्दांचे अर्थ, अर्धवट गोष्टी, आकृत्यांची कोडी, सगळं तिने जीव ओतून सोडवलं. मीनलने अर्ध्या वेळात उरकून चिवड्याचा डबा उघडला.

महिन्याभराने बाई पुन्हा आल्या, पेढे घेऊन.

"वाचनात दोघी अगदी तोडीस तोड," त्या म्हणाल्या. "एका घरावरून काही सिद्ध होत नाही म्हणा. पण कुंदाताई, तुम्ही रोज यांना मोठ्याने वाचून दाखवत आलात ना, ते दिसतंय हो."

नीलिमाने आपला पेढा देवापुढे ठेवला. जिंकलो आपण, तिला वाटलं. घर जिंकलं.

बाबा बाईंना स्टेशनवर सोडायला गेले. मीनल आत अभ्यासाला बसली. आई कणीक मळत होती. नीलिमा स्वयंपाकघरात गेली आणि तिने वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"हे काय गं मधेच?"

"आई, मला सगळं माहितेय. कधीपासून माहितेय. तुम्ही मला घरात घेतलंत, शिकवलंत, कधी परकं मानलं नाहीत. एकदा तरी थँक्यू म्हणायचं होतं मला."

"घरात घेतलं? कुठून?"

"ठमाबाईकडून. सूपभर तांदळांना."

आई आधी हसली. मग तिचे डोळे भरले.

"अगं वेडे! तुझ्याआधीची दोन बाळं गेली माझी. म्हणून तू झालीस तशी सासूबाईंनी तुला ठमाबाईच्या ओटीत घातलं आणि सूपभर तांदूळ देऊन परत विकत घेतलं. विकत घेतलेल्या मुलाला नजर लागत नाही म्हणतात. रीत असते ती. तू माझ्या पोटची आहेस, नीलू! इतकी वर्षं हे मनात घेऊन वावरलीस?"

नीलिमा आईच्या कुशीत शिरली. हसू आणि रडू एकदमच आलं. मुसमुसतच तिने विचारलं, "मग त्या बाई आपल्याच घरी कशाला आल्या?"

आईने कणकेने भरलेला हात तिच्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल," ती म्हणाली. "मीनल आत आहे."