कोरडे ओठ

"महादूकाका, घड्याळ काढा. आणि तो पाण्याचा कूलर फ्रेमच्या बाहेर घ्या."

आखातातल्या खलिफा सिटीत, एका अर्धवट बांधलेल्या व्हिलावर दुपारचा एक वाजला होता. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी. कामगार आत सावलीत आडवे झाले होते, त्यामुळे फिल्म शिकणाऱ्या अस्मीची पंचाईत झाली होती. तिची डॉक्युमेंटरी भर उन्हात राबणाऱ्या कामगारावर होती आणि भर उन्हात कुणी राबतच नव्हतं.

महादू तेवढा तयार झाला. अकरा वर्षं तो इथे सिमेंटचे ब्लॉक उचलत होता आणि सावंतवाडीकडे राहणाऱ्या नर्मदेने, त्याच्या बायकोने, ते कधी पाहिलं नव्हतं. फिल्म तिला पाठवायचं अस्मीने कबूल केलं होतं. म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. अस्मीने त्याला फाटका दिला. तोही नवाच होता. कॅमेरामन रोनितने सकाळी कात्रीने फाडलेला.

फोरमन वासुदेव आतून ओरडला, "ब्रेक में काम नहीं चलेगा, मॅडम!"

"काम कहाँ है, अंकल? ॲक्टिंग है."

मग त्याची हरकत नव्हती. तो कुशीवर वळला.

सीन सोपा होता. दहा ब्लॉक वाहायचे, गुडघ्यांवर कोसळायचं, कॅमेऱ्याकडे हात करून म्हणायचं, "पाणी!"

पहिल्या टेकमध्ये रोनितची सावली आली. दुसऱ्यात महादू असा काही ओरडला की रोनितच्या अंगावर काटा आला. पण फोकस गेला होता. महादू उठून कूलरकडे निघाला.

"काका, प्लीज! ओठ ओले झाले तर पुढचा शॉट जुळणार नाही."

"घोटभर, ताई."

"लास्ट टेक. मग हवं तेवढं प्या."

महादूने कूलरवरचा ग्लास होता तसा उपडा ठेवला.

तेवढ्यात कॅमेरा तापला. त्याला दहा मिनिटं गाडीत एसीमध्ये ठेवावं लागलं. महादूला उन्हातच थांबवलं, घाम वाळू नये म्हणून.

छत्रीखाली अस्मी रोनितला सांगत होती, "शंभर वर्षांपूर्वी एका गोऱ्याने उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांवर फिल्म काढली. त्यांच्याकडे बंदुका होत्या, ह्याने हातात भाले दिले. वॉलरस, तो सुळेवाला अवाढव्य समुद्री प्राणी, त्यांना समुद्रात ओढायला लागला. ते ओरडतायत, बंदूक आण, बंदूक आण! आणि हा ऐकू न आल्यासारखा कॅमेऱ्याचं हँडल फिरवतोय."

"व्हॉट अ मॉन्स्टर," रोनित म्हणाला.

"मी तीस पानं लिहिलीत त्याच्यावर. ए ग्रेड मिळाली. यल्ला, चल, कॅमेरा आण."

तिसऱ्या टेकला महादूने सहा ब्लॉक नेले. सातवा त्याने मध्येच खाली ठेवला. हळूच ठेवला, कोपरा फुटू नये असा. मग त्याला टेकून बसला. मग कलंडला.

"काका, डायलॉग!" अस्मी म्हणाली. "पाणी म्हणा, काका! पाणी!"

महादू काही म्हणाला नाही. वासुदेव पाणी घेऊन धावत आला तोवर रोनित शूट करत होता. कट कुणी म्हटलंच नव्हतं.

कंपनीने नर्मदेला कळवलं की त्या वेळी साइटवर काम बंद होतं, त्यामुळे मृत्यूची भरपाई नाही. अस्मीनेही सही करून दिली की जे चाललं होतं तो अभिनय होता.

मार्चमध्ये दुबईत फिल्मला बक्षीस मिळालं, अस्सलपणाबद्दल. शेवटच्या "पाणी!"ला अख्खं थिएटर रडलं. प्रेक्षकांतून कुणीतरी विचारलं, हा शेवट खरा आहे? अस्मी म्हणाली, शंभर टक्के.

दिलेला शब्द तिने पाळला. नर्मदेला लिंक पाठवली. तिसऱ्या दिवशी नर्मदेचा फोन आला.

"ताई, एवढं पाणी पाणी करत होते. तिथे कुणाकडेच नव्हतं का हो?"

अस्मीला गलबलून आलं. तिने नर्मदेला धीर दिला.

"नाही हो काकू, तसं मनात आणू नका. जाताना त्यांनी पाणी मागितलंच नाही. तो आवाज मी आधीच्या टेकमधून लावलाय."