मापाची रेघ

झाडं कापायचं मशीन दुसऱ्यांदा जाम झालं होतं. "नवा पिस्टन बसवून टाका," धाकटा भाऊ कंटाळून म्हणाला.

"आधीचा का गेला ते बघू." मिस्त्रीनं सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली. पिस्टनवर उभे ओरखडे होते. "पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडतंय. मिसळतं कोण?"

"दादा."

मिस्त्रीनं मापाचा डबा शेजारी उभ्या थोरल्याच्या हातात दिला. "कुठल्या रेघेपर्यंत ओतता?"

थोरला अंगठ्यानं डबा चाचपत राहिला. रेघ छापील होती, बोटाला लागेना. शेवटी तो दमून बाकड्यावर टेकला. "वर्ष झालं, नीट दिसत नाही."

धाकट्यानं डबा त्याच्या हातातून काढून घेतला. "मग मी बुंध्याशी वाकलेला असताना, झाड कुठं कलतंय ते कसं सांगतोस?"

"आवाजावरून," दादा म्हणाला.