पेवातला आकडा

तामलवाडीच्या महारुद्रची उभी हयात चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत मिथेन वायू मोजण्यात गेली. निवृत्त होताना त्यानं मोडीत निघालेलं एक मीटर मागून आणलं होतं.

आज अंगणातलं पेव, म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार, कित्येक वर्षांनी उघडलं. आत उतरून साफ करायला त्याचा थोरला मुलगा मल्हार कमरेला दोर बांधून उभा होता.

"थांब रं. आधी वायू बघू दे."

"अवो, ही काय तुमची खाण हाय व्हय?" महारुद्रची बायको तारामती ओसरीवरून हसली.

महारुद्रनं मीटर सुतळीनं आत सोडलं. खालच्या अंधारात हिरवा आकडा चढला, उतरला, परत चढला. खाणीत वायू साचताना त्यानं जन्मभर पाहिला होता. असा ये-जा करताना कधीच नाही.

मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानं स्वतः श्वास सोडला की आकडा चढत होता, घेतला की उतरत होता.

त्यानं श्वास रोखला. आकडा जागीच थांबला.

"उतरू का, आबा?"

नको म्हणायला श्वास सोडावा लागला असता. कानशिलं ठणकू लागली, सुतळी धरलेला हात हलेना. बापाचं गप्प राहणं होकार धरून मल्हारनं काठावर बसत दोन्ही पाय आत सोडले.

महारुद्रचे ओठ अजून मिटलेलेच होते. तेवढ्यात आकडा भराभर चढला, काठावरचा भुसा उडाला, आणि खालच्यानं कोंडून धरलेला गरम श्वास त्याच्या तोंडावर आला.